पत्नीसह पुन्हा चाचणी घ्यावी

बाबा गेल्यावर बंद करायच्या गोष्टी पुष्कळ निघाल्या. त्यांचा फोन, वाचनालयाचं सभासदत्व, दाताच्या डॉक्टरकडची पुढची वेळ, दर महिन्याला येणारं काटे-वजनांचं एक मासिक, जे घरात त्यांच्याशिवाय कुणी उघडलंही नव्हतं. मी एकेक बंद करत गेले. पलीकडचा माणूस "अरेरे" म्हणायचा, मी "हो ना" म्हणायचे, आणि एक काम कमी व्हायचं. आई म्हणाली, "तुला बरं जमतं हे." ते कौतुक होतं की टोमणा, मी विचारलं नाही.

मग त्यांच्या मेलमध्ये एक पत्र आलं. 'आपण नोंदवलेल्या तक्रारीवर बरेच दिवस उत्तर आलेलं नाही. नव्या चाचणी आवृत्तीत दोष अजून दिसतो का, ते कळवावं. दोन आठवड्यांत न कळवल्यास तक्रार आपोआप बंद होईल.'

ही मात्र मला बंद होऊ द्यायची नव्हती. बाकी सगळं बाबांनी पुरं केलं होतं. विम्याचे कागदसुद्धा क्रमानं लावून ठेवले होते. हे एकच अर्धं राहिलं होतं. आणि ते अर्धं होतं तोवर कुठल्यातरी खोलीत कुणीतरी त्यांच्या उत्तराची वाट बघत होतं.

बाबा वजनमापं तपासनीस होते. दुकानादुकानांत जायचे, काट्यावर स्वतःची वजनं ठेवायचे आणि दुकानदाराच्या तोंडाकडे न बघता काट्याकडे बघायचे. निवृत्त झाल्यावर तपासायला काही उरलं नाही, तेव्हा थोडे दिवस त्यांनी घरातलीच मापं तपासली. चहाच्या साखरेचा चमचा प्रत्यक्षात दीड चमचा भरतो, हे त्यांनी आईला सिद्ध करून दाखवलं. आईनं चमचा त्यांच्या हातात दिला आणि म्हणाली, "मग उद्यापासून तुम्हीच करा." तेव्हा त्यांनी कॉम्प्युटरकडे मोर्चा वळवला.

कॉम्प्युटरच्या आत सगळ्याच्या मुळाशी एक प्रोग्रॅम असतो. लोक त्याला कर्नल म्हणतात, बाबा गाभा म्हणायचे. स्क्रीन, कीबोर्ड, आवाज, प्रिंटर, कुणाला कुणाशीही बोलायचं असलं तरी त्याच्यामार्फतच. आईला हे एका फटक्यात कळलं होतं. ती म्हणाली, "म्हणजे घरातली थोरली सून. सगळं तिच्या हातून जातं, आणि काही बिघडेपर्यंत कुणाला ती दिसत नाही." या गाभ्याची पक्की आवृत्ती निघायच्या आधी दर आठवड्याला एक कच्ची निघते. जगभरातली हौशी माणसं ती आपापल्या घरी घालून बघतात आणि काय काय मोडलं ते कळवतात. थोडक्यात, निवृत्त तपासनिसाला दर आठवड्याला तपासायला नवा काटा मिळाला होता.

कच्चा गाभा घातला की घरात काहीतरी व्हायचंच. एकदा प्रिंटर आपणहून कोरे कागद काढत बसला. एकदा कॉम्प्युटरचं घड्याळ काही वर्षं मागं गेलं. "राहू दे तसंच," बाबा म्हणाले, "तेव्हा गुडघे दुखत नव्हते."

मी ती तक्रार उघडली. आई शेजारच्या पलंगावर टॉवेलांच्या घड्या घालत होती. मी तिला आपल्या भाषेत वाचून दाखवायला लागले.

'स्क्रीन मधूनच दोन सेकंद काळा होतो व आपोआप परत येतो. वेळ निश्चित नाही. कोरड्या हवेत जास्त, दमट हवेत कमी. केबल बदलून पाहिली. पत्नी खोलीत असताना दोष आढळत नाही.'

आईचे हात थांबले. "पत्नी म्हणजे मी?"

"दुसरी कोण असणार?"

"पुढे वाच."

पुढे गाभ्याचा हा भाग सांभाळणाऱ्या माणसाचं उत्तर होतं. त्याच्या नावापुढे बोटाच्या नखाएवढा फोटो होता, आणि त्यात फक्त दाढी ओळखू येत होती. त्यानं लिहिलं होतं, 'सविस्तर माहितीबद्दल आभार. नव्या कच्च्या आवृत्तीवर पत्नीसह पुन्हा चाचणी घ्यावी. मग पत्नीविना घेऊन फरक कळवावा. दोष सुरू झाला त्या सुमारास घरात काही नवीन उपकरण आलं होतं का?' खाली बाबांचं एका ओळीचं उत्तर: 'नाही. चाचणी घेऊन कळवतो.'

त्यापुढे काही नव्हतं.

"हे कुणाकुणाला वाचता येतं?" आईनं विचारलं.

"ज्याला वाचायचंय त्याला. सगळ्या जगाला."

"एवढी वर्षं संसार केला," आई म्हणाली. "मी जवळ असले की दोष दिसत नाही, हे मला एकदा तोंडावर सांगितलं नाही. आणि त्या दाढीवाल्याला लिहून कळवलं." तिनं टॉवेल पुन्हा उचलला, घडी मोडली आणि पुन्हा घातली. "घे चाचणी. पत्नी आहे अजून. चालू स्थितीत."

गाभा कसा घालतात, हे मला माहीत नव्हतं. मी ग्रंथालयात काम करते. कॉम्प्युटरशी माझा संबंध पुस्तक आत आलं की बाहेर गेलं, एवढाच. पण बाबांनी स्वतःपुरती एक आज्ञा तयार करून ठेवली होती. तिचं नाव 'घाल'. ती दिली की पुढचं सगळं तीच करायची. मधूनमधून काही विचारायची, तेवढ्याला हो-नाही लिहायचं. मी 'घाल' लिहिलं.

'कच्चा गाभा घालायचा आहे?' स्क्रीनवर आलं.

मी 'हो' लिहिलं.

'जुना पक्का गाभा शाबूत आहे?'

मला कल्पना नव्हती. मी 'हो' लिहिलं.

'खरंच बघितलं, की हो म्हणायचं म्हणून म्हणता?'

मी कीबोर्डवरून हात काढले. मग जाऊन बघितलं. शाबूत होता. परत येऊन 'हो' लिहिलं.

'बायकोला विचारलं?'

आईच्या मालिका त्याच कॉम्प्युटरवर लागत, म्हणून हा प्रश्न असणार. मी हाक मारली, "आई, कॉम्प्युटर थोडा वेळ बंद होईल, चालेल का?"

"विचारतेयस?" आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "ह्यांनी कधी विचारलं नाही."

"असं कसं? इथं प्रश्नच आहे तसा. दर वेळी येत असणार."

आई हात पुसत आली, चष्मा लावला आणि स्क्रीनवरचा प्रश्न वाचला. बराच वेळ वाचला. दोनच शब्द होते. मग म्हणाली, "स्वतःच हो लिहीत असतील. लबाड."

तिनं माझ्या खांद्यावरून हात पुढे करून एका बोटानं 'हो' लिहिलं.

'मग चला,' स्क्रीन म्हणाला. 'चहा टाका, वेळ लागेल.'

चहा झाला, पिऊन झाला, तेव्हा कॉम्प्युटर उठला. सगळं जिथल्या तिथं दिसत होतं. मला स्वतःचं बरंच कौतुक वाटलं, आणि ते आईनं मालिका लावेपर्यंत टिकलं. कच्च्या गाभ्यात आवाजाचं काहीतरी बिनसलं होतं. माणसं हळू चालत होती, हळू वळून बघत होती, पण बोलत होती मात्र भरधाव आणि चिरक्या आवाजात. सासू सुनेला म्हणत होती की या घराचे दरवाजे तुला कायमचे बंद. ऐकताना दोन खारी शेंगेवरून भांडतायत असं वाटत होतं.

आमची आत्या, म्हणजे बाबांची धाकटी बहीण, तेव्हा आमच्याकडे राहायला आली होती. आल्यापासून ती दर जेवणाला एकदा रडायची. ताटात काय आहे त्यावर ते अवलंबून नसायचं. ती आतल्या खोलीतून आली, दारात उभी राहून दोन वाक्यं ऐकली आणि हसायला लागली. हसता हसता खाली बसली.

"हसू नका, वन्सं," आई म्हणाली. "तिला घराबाहेर काढतायत."

"कोण काढतंय, वहिनी? ती खार?"

आवाजाचा दोष मी कळवला; तो आधीच बऱ्याच जणांनी कळवला होता. मग खरी चाचणी सुरू केली.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. मी न्याहारी करून बाबांच्या खुर्चीत बसले आणि स्क्रीनकडे बघत राहिले. शेजारी वेताच्या खुर्चीत आई बसली, विणकाम घेऊन. पत्नीसह चाचणी. आई फार ताठ बसली होती.

"फोटो काढत नाहीये कुणी," मी म्हटलं.

"तू स्क्रीनकडे बघ."

सकाळभर स्क्रीन एकदाही गेला नाही. मला पाणी लागलं, आईनं आणलं. चष्मा पुसायचं फडकं लागलं, आईनं आणलं. तिला चाचणीचं गांभीर्य माझ्याहून जास्त होतं. "तू हलू नकोस, तुझं लक्ष जाईल," असं म्हणत ती सगळं हातात आणून देत होती. ती आंघोळीला गेली आणि पत्नीविना चाचणी सुरू झाली. तेवढ्यात दाराची घंटा वाजली. मी उठले, आणि कपाटाच्या काचेत दिसणारा स्क्रीनचा उजेड गपकन गेला. मी वळून बघेपर्यंत परत आला होता.

दारात पेपरवाला होता. त्याच्याशी काय बोलले, आठवत नाही. मी न्हाणीघराच्या दारावर थाप मारली.

"आई! गेला! तू गेलीस आणि गेला!"

आतून पाण्याचा आवाज थांबला. "म्हणजे ह्यांनी लिहिलं ते खरं?"

"अगदी खरं."

"बाई गं," आतून आवाज आला. तो आवाज नाराजीचा नव्हता.

मी दाढीवाल्याला कळवलं. बाबांच्याच खात्यावरून लिहिलं, दुसरा मार्ग नव्हता. आणि लिहिणारी मी कोण, ते लिहिलं नाही. 'नव्या कच्च्या आवृत्तीतही दोष दिसतो. पत्नी असताना नाही. पत्नी नसताना आहे.' संध्याकाळी उत्तर आलं. 'फारच रोचक. हा परिणाम फक्त पत्नीचा आहे, की कोणत्याही दुसऱ्या व्यक्तीचा? शक्य असल्यास वेगळ्या व्यक्तीसह चाचणी घ्यावी.'

"वेगळी व्यक्ती कुठून आणू?" मी म्हटलं.

आम्ही दोघींनी आत्याकडे बघितलं.

आत्याला फार विनवावं लागलं नाही. दादाचं काम आहे म्हटल्यावर ती केस विंचरून आली. वेताची खुर्ची तिला पुरणार नव्हती, म्हणून ती सरळ बाबांच्या खुर्चीत बसली, आणि मी पलंगाच्या कडेला. ती खुर्ची चाकांची होती, खाली गॅसची नळी, खटका ओढला की वरखाली होणारी. आत्या बसली तशी खुर्चीनं दीर्घ उसासा सोडला.

आत्या एका जागी बसणाऱ्यांतली नाही. दूध उतू जाईल म्हणून उठली. स्क्रीन गेला. दूध तापतच ठेवलं नव्हतं असं लक्षात आलं, येऊन बसली. खिडकी लावायला उठली. गेला. खिडकी जास्त लागली म्हणून पुन्हा उठली. पुन्हा गेला. आईनं विणकाम खाली ठेवलं.

"वन्सं, तुम्ही आलात आणि हे वाढलंय."

"मी काय केलं? मी हातसुद्धा लावला नाही!"

"हात लावायला कशाला लागतं? आमच्या लग्नात तुम्ही मांडवात आलात आणि दिवे गेले होते."

"तेव्हा सगळ्या गल्लीचे गेले होते, वहिनी."

"तुम्ही गल्लीतूनच आला होतात ना?"

मी कागदावर लिहून घेतलं: बहिणीसह, दोष पुष्कळच वाढतो. आत्यानं ते वाचलं आणि रागानं उठली. स्क्रीन गेला.

त्या वेळी आई दाराशी उभी होती. तिथून तिला आत्या आणि स्क्रीन दोन्ही एकदम दिसत होते. इतका वेळ आम्ही स्क्रीनकडेच बघत होतो. आई म्हणाली, "वन्सं, बसा बरं."

आत्या बसली.

"उठा."

आत्या उठली. स्क्रीन गेला, आला.

"बसा. उठा."

"वहिनी, शाळेत आहे का मी?"

"उठा म्हटलं ना!"

स्क्रीन गेला, आला. आई माझ्याकडे बघत म्हणाली, "अगं, माणूस नाही. उठणं."

मग आम्ही तिघी कामाला लागलो. मी बसले, उठले: गेला. आई बसली, उठली: नाही गेला. पुन्हा उठली: गेला. आई किडकिडीत आहे, तिच्या उठण्याला नळी नेहमीच दाद देत नव्हती. आत्या उठली की हमखास. मग मी कॉम्प्युटर बंद करून जुना, पक्का गाभा सुरू केला, ज्यात काहीच दोष असायला नको. आत्या उठली. गेला. मग खुर्ची बाहेरच्या खोलीत ढकलून स्वयंपाकघरातलं लाकडी स्टूल आणलं. आत्या स्टुलावरून इतक्यांदा उठली-बसली की शेवटी तिला धाप लागली. स्क्रीन दिव्यासारखा स्थिर.

मग मी शोधून वाचलं. असं होतं म्हणे. कोरड्या हवेत माणूस अशा खुर्चीवरून उठला की त्या गॅसच्या नळीत विजेची बारीकशी ठिणगी पडते, आणि तेवढ्यानं काही स्क्रीनच्या केबलीत गडबड होते. गाभा बिचारा कशातच नव्हता. बाबांना चहा हवा असला, पाणी हवं असलं की ते उठायचे आणि स्क्रीन जायचा. आई खोलीत असली की त्यांना उठावं लागत नव्हतं.

हे मी मोठ्यानं म्हटलं नाही. पण आईला ते माझ्याआधीच कळलं असावं, कारण ती एकाएकी तिथून उठून गेली आणि थोड्या वेळानं उगाचच एक पेला पाणी घेऊन परत आली.

"आयुष्यभर लोकांच्या काट्याखाली वाकून बघितलं दादानं," आत्या म्हणाली, "आणि आपल्या बुडाखाली बघितलं नाही."

"दाढीवाल्यानं विचारलंही होतं," मी म्हटलं. "त्या सुमारास काही नवीन आलं का? बाबांनी नाही म्हणून लिहिलं."

"खुर्ची कधी आली होती?" आत्यानं विचारलं.

खुर्ची मी आणली होती. ते निवृत्त झाले तेव्हा, त्यांच्या पाठीसाठी. दोष सुरू झाला तो त्याच महिन्यात.

"त्यांना सुचलंच नसेल," आई म्हणाली. "उपकरण म्हणजे शंका घ्यायची वस्तू. ती खुर्ची तू दिलेली." मग म्हणाली, "आता काय करायचं?"

"हे असं असं झालं म्हणून लिहायचं. म्हणजे तक्रार बंद."

"मग लिही."

मी कीबोर्डसमोर बसले, स्टुलावर. "नुसतं लिहिलं की नव्या आवृत्तीतही स्क्रीन काळा होतो, तरी ते खोटं नाही," मी म्हटलं. "होतोच आहे."

"मग काय होईल?"

"उघडी राहील."

"किती दिवस?"

"ते पुन्हा विचारतील तोवर. मग पुन्हा तेच लिहायचं."

आत्या काहीतरी म्हणणार होती. आईनं तिच्या हातावर हात ठेवला, आणि आत्या गप्प बसली. हे मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

"म्हणजे तो दाढीवाला शोधत बसणार," आई म्हणाली. "नसलेली चूक."

मी कीबोर्डवरची धूळ बोटानं पुसत बसले.

"ह्यांनी एकदा एका दुकानदाराचा काटा उचलून आणला होता. खोटा आहे म्हणून. कचेरीत नेऊन बघतात तर बरोबर. दुकानातली फरशीच कलती होती. दुसऱ्या दिवशी शिपायाला न सांगता स्वतः उचलून परत देऊन आले. लोखंडी काटा तो. पाठ धरली ती धरलीच. मला वाटलं, आता दुकानदार काय बोलला ते सांगतील. तर घरी येऊन म्हणतात, बिचारा काटा."

आत्या हसली, आणि मग रडली. जेवणाची वेळही नव्हती.

मी लिहायला घेतलं. दोष गाभ्यात नाही. खुर्चीवरून उठल्यानं होतो. जुन्या आवृत्तीवर, नव्या आवृत्तीवर आणि लाकडी स्टुलावर पडताळून पाहिलं. बहिणीसह दोष जास्त का दिसतो, तेही लिहिलं, आत्याला वाचून न दाखवता. ते झालं. मग एक ओळ सोडून लिहिलं, 'ज्यांनी ही तक्रार नोंदवली ते माझे वडील. ते वारले. त्यानंतरची पत्रं मी लिहिली आहेत. पत्नी म्हणजे माझी आई.' फोनवर हे मी कितीदा तरी बोलले होते. लिहिलं पहिल्यांदाच. शब्द बरोबर आहे ना, ते पुन्हा पाहिलं. बरोबर होता.

उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. आई आणि आत्या दोघी माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या. मी वाचून दाखवलं.

'फार वाईट वाटलं. तुमच्या वडिलांची पत्रं नेहमी पुरी असायची. त्यांना उलट विचारावं असं सहसा काही उरायचं नाही. पत्नीबद्दल विचारावं लागलं, त्याबद्दल तुमच्या आईंची माफी मागतो.'

"शहाणा आहे," आई म्हणाली.

'तुमचं पत्र वाचून झाल्यावर मी खुर्चीवरून उठलो. माझाही स्क्रीन गेला. किती महिने मी केबल बदलतो आहे आणि मनातल्या मनात दुसऱ्या एका विभागाला दोष देतो आहे. आमच्या खोलीतले सगळे सध्या उठबस करत आहेत. काम थांबलं आहे. एक शंका: ज्या बहिणीसह दोष सर्वांत जास्त दिसला त्यांचं वजन अंदाजे किती? फक्त माहितीसाठी.'

आत्या पुढे सरकली.

"काय लिहिलं होतंस तू?" आत्या म्हणाली.

"जे झालं ते."

"त्याला म्हणावं, आधी तुझं सांग. दाढीसकट."

"मी लिहिते, किलोत विचारलंय की पौंडात," आई म्हणाली, आणि तिघींत पहिल्यांदा मोठ्यानं ती हसली.

शेवटी दाढीवाल्यानं लिहिलं होतं, 'कुणी विचारलंच नाही तर तक्रार आपोआप बंद होते. पण उत्तर सापडलं असेल तर ज्यानं नोंदवली त्यानंच ती बंद करावी, अशी आमच्याकडे पद्धत आहे. बटण तुमच्याकडे दिसेल. घाई नाही.'

बटण दिसत होतं. मी ते दाबलं तर त्यानं कारण विचारलं. खाली पर्याय होते: 'दुरुस्त झाली', 'पुन्हा आढळली नाही', 'चुकीची तक्रार', 'इतर'.

"चुकीची नाही," आई लगेच म्हणाली. "स्क्रीन जात होता की नाही?"

"जात होता."

"मग चुकीची कशी? दुरुस्त कर."

"दुरुस्त कुठं झालीये? खुर्ची आहे तशीच आहे."

"पुन्हा आढळली नाही?"

तिघींनीही खुर्चीकडे पाहिलं. ते म्हणायची सोय नव्हती. मी 'इतर' निवडलं. एक चौकोन उघडला: कारण थोडक्यात लिहा.

"लिही," आई म्हणाली. ती सरळ उभी राहिली, जणू कुणापुढे साक्ष द्यायची आहे. "तक्रार खरी. गाभा निर्दोष."

मी लिहिलं.

"आणि खुर्ची?" आत्या म्हणाली. "ती सुटली की मोकळी. सगळं केलं तिनं."

आई विचार करत राहिली. मग म्हणाली, "खुर्ची आरामदायक. असं लिही."

"असं नाही लिहीत, आई."

"का? त्यांनी बसून सांगितलं होतं मला."

मी लिहिलं. तक्रार खरी. गाभा निर्दोष. खुर्ची आरामदायक. आणि बटण दाबलं. तक्रारीवरची 'उघडी' अशी हिरवी पाटी करडी झाली, बाबांचं नाव जिथं होतं तिथंच राहिलं.

त्याच क्षणी त्यांच्या मेलमध्ये पत्र आलं. 'आपली तक्रार बंद करण्यात आली आहे. आपण दिलेल्या वेळेबद्दल आभारी आहोत.'

"काय म्हणतात?" आईनं विचारलं. मी वाचून दाखवलं.

"आभार मानलेत. मग उत्तर दे."

"हे यंत्र पाठवतं, आई. उत्तर कुणी वाचत नाही."

"त्यांनी वाचावं नाहीतर न वाचावं. आलेल्या पत्राला पोच द्यायची असते."

मी 'पत्र पोचलं' एवढंच लिहिलं आणि पाठवलं. ते लगेच परत आलं: या पत्त्यावर पत्रं स्वीकारली जात नाहीत.

"झालं काय?"

"परत आलं. घेत नाहीत म्हणे."

आई चष्मा काढून पुसत राहिली. "घेतलं नाही तर तो त्यांचा प्रश्न," ती म्हणाली. "आपल्याकडून पुरं झालं."